धोंडीराम कोतवालाचा पाऊस

चिंचमाळच्या वीस वर्षांच्या पावसाला एक भोक पडलं, आणि ते बाळासो इंगवलेनं पाडलं, तेही हात धुण्यासाठी.

तारीख सात जुलै, साल एकोणीसशे नव्व्याण्णव. बाळासो कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतला, शेतकी कॉलेजातून पास होऊन जमीन पाहणीच्या कचेरीत सव्वा वर्षापूर्वी चिकटलेला. कुरुंदवाडपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या या गावात तो आला होता, ते इथल्या माळावर कापूस होईल की नाही हे ठरवायला. जमीन बघायची म्हणजे वरून बघून चालत नाही. पुरुषभर खोल खड्डा काढायचा, आत उतरायचं आणि मातीचे थर खालपासून वरपर्यंत मोजायचे. सकाळी सात वाजता, तुलनेसाठी, सरपंच गणपतरावांच्या नदीकडच्या रानातल्या खड्ड्यात उतरलेला बाळासो सव्वाआठला वर आला, तेव्हा कोपरापर्यंत काळ्या चिखलाचे हातमोजे चढले होते. आदल्या दिवशीच्या पावसानं माती अशी चिकट झाली होती, की हात झटकला तर हातच निखळून पडेल असं वाटावं.

तसाच तो चावडीपाशी आला. चावडीच्या पायरीवर सरबताची जुनी बाटली उभी होती आणि तिच्यात पाणी होतं. कोतवालानं साहेबासाठी पाणी ठेवलंय, दुसरं काय! सव्वा वर्षाच्या नोकरीत सरकारी माणसाला ही समजूत आपोआप येते. बाळासोनं बाटली उचलली, हात चोळचोळून धुतले, उरलेल्या पाण्याची खळखळून चूळ भरली आणि पिचकारी लांब चिंचेच्या बुंध्यावर मारली. नेम बरोबर लागला म्हणून तो स्वतःवर खूशही झाला.

तेवढ्यात घराकडून कोतवाल धोंडीराम आला. सत्तावन्न वर्षांचा, काटकुळा, डोक्याला पटका. दोन्ही हातांत धुवट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं अशा जपणुकीनं धरलं होतं, जणू दवाखान्यातून नातू घरी आणतोय. पायरीपाशी येऊन तो थांबला. बाटलीकडं पाहिलं. बाळासोच्या हातांकडं पाहिलं.

"सायेब, ह्यातलं पाणी?"

"हात धुतले मामा. आणखी थोडं आणा की, पाय राहिलेत."

धोंडीरामनं फडकं सोडलं. आत काचेचं मापाचं भांडं होतं, बारीक रेघांचं. त्यानं बाटली त्याच्यावर उपडी धरली. दोन थेंब पडले. तिसऱ्याची त्यानं बराच वेळ वाट पाहिली.

"ह्यो पाऊस हुता," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कालचा. चिंचमाळचा. आत्ता चूळ भरलीसा न्हवं, त्यो."

बाळासोला हसू आलं आणि ते ओठांवर येईपर्यंत त्याला कळलं की ही हसण्याची गोष्ट नाही. चावडीच्या मागं तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होता. त्याच्या नळकांड्यात बसवायची सरकारी बाटली एक्क्याण्णव साली तडकली. धोंडीरामनं तालुक्याला सात अर्ज केले. उत्तर एकाचंही आलं नाही, तेव्हा त्यानं ही सरबताची बाटली बरोब्बर मापाची शोधून काढली. रोज सकाळी बाटली बाहेर काढायची, पायरीवर ठेवायची, घरून मापाचं भांडं आणायचं, ठीक साडेआठला मोजायचं आणि वहीत लिहायचं. चावडीत भांडं ठेवलं तर शाळेची पोरं फोडतील, म्हणून ते घरी, बायकोच्या ट्रंकेत असायचं. सोनूबाई होती तोवर तीच आठ पंचवीसला भांडं घेऊन चावडीवर हजर असे आणि बाटली कधी एकटी राहत नसे. सोनूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती. आता घर ते चावडी या फेरीत बाटलीला राखण कुणी नव्हतं.

धोंडीरामनं वही उघडली. सात जुलैच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. शून्य नव्हे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रेघ म्हणजे मोजलाच नाही.

"मामा, अंदाजानं लिहा की काहीतरी," बाळासो ओशाळून म्हणाला.

धोंडीरामनं वही मिटली आणि घागर आणायला आत गेला. साहेबाचे पाय राहिले होते.

धोंडीरामची माहिती गावात कुणालाही विचारली तर आधी हसू यायचं आणि मग सांगणं. छप्पन्न साली त्याच्या बापानं गावकीची जुनी कामं टाकली, घरात बुद्धाची तसबीर लागली आणि चौदा वर्षांच्या धोंडीरामच्या हातात पाटी आली. "चवथी पास झालो तवा मास्तरापेक्षा माझी मिशी मोठी हुती," असं तो स्वतःच सांगे. एकोणऐंशीला तो कोतवाल झाला, तेव्हा त्याच्याच गल्लीतला पिराजी टोमणा मारून गेला होता, "बापानं सोडलं ते तू पगारावर धरलंस व्हय रं?" धोंडीराम म्हणाला होता, "बा पाटलाची वर्दी द्यायचा. मी आभाळाची देतोय."

आणि खरंच तशी देत होता. साडेआठला मोजलं की सरपंचांच्या घरी जाऊन तालुक्याला फोन. "चिंचमाळ. अकरा पॉइंट चार." पलीकडचा कारकून म्हणे, "अकराच लिहितो, चार सोडा." धोंडीराम म्हणे, "सोडा कसं? पडल्यात त्ये." दशांश चिन्हासाठी इतकं भांडणारा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता. उन्हाळ्यात आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही तो रोज नळकांडं उघडून बघे, कोरडी बाटली भांड्यावर उपडी धरे आणि शून्य पॉइंट शून्य लिही. "त्यात काय बघतासा?" असं गणपतरावांनी विचारलं तर म्हणे, "न बघता कसं कळंल न्हाय म्हणून?"

त्याची स्वतःची दोन एकर जमीन माळावर होती. नदीचं पाणी उपसून आणणारी पाइपलाइन माळाच्या पायथ्यापर्यंत आली आणि तिथंच दमली. खाली ऊस, वर कुसळं. माळावर बारा खातेदार, कुणाची एक एकर, कुणाची चार. खाली बागायत असलेल्या गणपतरावांचीही चार एकर वर होतीच. खालच्यांना कृष्णेला पूर आला की भीती, वरच्यांना ढग फाकले की भीती. एकाच गावात एकाच आठवड्यात दोन्ही प्रकारची रड ऐकायला मिळायची.

माळ म्हणजे वीतभर माती आणि खाली मुरूम, अशी कचेरीची समजूत होती. बाळासोचीही होती. पण चूळ भरल्याची लाज वाटत असल्यानं, आठ तारखेला त्यानं धोंडीरामच्याच रानात खड्डा घेतला. दोघांनी मिळून काढला. एक फूट गेलं, काळी माती. दोन फूट, काळी माती. तीन फुटांवर बाळासोनं पट्टी लावली आणि ओरडला, "मामा, पंच्याण्णव सेंटिमीटर! तुमचा माळ खोटं बोलत होता इतकी वर्षं!"

"माळ गप हुता," धोंडीराम म्हणाला. "इचारलं कुणी?"

बाळासोनं मातीवर आम्लाचा थेंब टाकला. फसफसली, पण बेताची, म्हणजे चुनखडी कमी. मूठभर माती भिजवून तिची फीत वळली, लांबलचक वळली, म्हणजे ओल धरणारी. उतार बेताचा, पाणी साचायचा प्रश्न नाही. कापसाला पाय लांब करून झोपायला खोल जमीन लागते आणि उशाला पाणी साचलेलं चालत नाही. इथं दोन्ही जमत होतं. कचेरीच्या छापील तक्त्यात जमिनीचे चार वर्ग होते: उत्तम, मध्यम, जेमतेम, अयोग्य. मुलगी बघायला जाऊन आलेल्या बाळासोला या चारही वर्गांची चांगली ओळख होती. गेल्या वर्षभरात मुलीकडच्यांनी त्याला जेमतेमच्या वर चढू दिलं नव्हतं. त्यानं मोठ्या मनानं धोंडीरामच्या रानापुढं लिहिलं: उत्तम.

"सोनी लावायची हितं कापूस," धोंडीराम खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाला. "चार तास, म्हंजी चार वळी. घरच्यापुरता. शेणाराखंत सरकी चोळायची आणि टोकायची. एका साली इतका आला की दोन वाकळा भरल्या तिनं. एक अजून हाय."

"मग सोडला का?"

धोंडीरामनं खड्ड्यात पाहिलं. "एका साली जळला."

एवढंच. बाळासोनं वहीत त्याचीही नोंद केली, कारण रानाचा पूर्वेतिहास असा एक रकाना होता.

सुट्टीच्या दिवशी इचलकरंजीहून धोंडीरामचा मुलगा प्रसेनजीत आला. अठ्ठावीस वर्षांचा, मागावर काम करणारा. बारा तास चार माग सांभाळायचे. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर पांढरी सुतं बसलेली, आणि प्रत्येक तिसऱ्या वाक्याला खोकला. बरोबर चार वर्षांची साक्षी. तिनं आल्या आल्या आजोबाला विचारलं, "आजा, आज किती पडला?" आजोबा म्हणाला, "शून्य पॉइंट शून्य." तिनं गंभीरपणे मान हलवली, जशी तालुक्याचा कारकून कधी हलवत नसे.

बाळासोही त्या दिवशी गावातच होता. त्यानं योजना समजावून सांगितली. माळ योजनेत बसला तर बारा खातेदारांना सरकी मिळणार, पावसानं दडी मारली तर एक-दोन पाण्यांपुरतं शेततळं मिळणार, आणि कापूस घ्यायला कुरुंदवाडात केंद्र निघणार.

प्रसेनजीतनं ऐकून घेतलं. "आबा," तो बापाला म्हणाला, "आजवर हितं परत ये म्हणत हुतासा, मी येत नव्हतो. कशाला येऊ? कुसळं राखायला? पर ह्ये बसलं तर येतो. बायकापोरं घिऊन येतो. दिसभर दुसऱ्याच्या कापसाची धूळ खातोय, आपल्या कापसाची खाईन."

"आणि न्हाय बसलं तर?"

"तर मेव्हणा भिवंडीला बोलावतोय. आणि जमीन..." तो खोकला, बराच वेळ. "वीटभट्टीवाला माती मागतोय, आबा. तीन फूट काळी हाय म्हटल्यावर त्याला दम न्हाय. मग कशाला ठेवायची? कोण करणार? तुमी?"

धोंडीराम साक्षीला मापाच्या भांड्यावरच्या रेघा मोजून दाखवत राहिला. दहापर्यंत आल्यावर ती चुकली, आणि त्यानं परत पहिल्यापासून सुरू केलं.

निघताना प्रसेनजीत बाळासोला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, ह्या माणसाचं सांगू? आई सकाळी सहाला गेली. घर भरलेलं, मी रडतोय. आणि साडेआठला ह्यो उठला, ट्रंक उघडली, भांडं काढलं आणि चावडीवर गेला. आईच्या आधी त्याचा पाऊस."

बाळासोनं नंतर त्या दिवसाची वही चाळली. बारा जुलै चौऱ्याण्णव. चार पॉइंट दोन. बाकी हजारो आकडे सरळ उभे, हा मात्र ओळीवरून खाली घसरलेला. शेरा काही नाही. शेऱ्याच्या रकान्यात फक्त 'वादळ', 'गारा' आणि 'धुके' एवढंच लिहायची परवानगी होती.

ऑगस्टच्या शेवटी कोल्हापुरातल्या कचेरीत बाळासो आकडेमोड करत बसला. माती उत्तम, पण नुसत्या मातीवर कापूस येत नाही आणि माळावर पाऊस हा पाहुणा. आला तर आला. म्हणून नियम असा होता: वीस वर्षांपैकी पंधरा वर्षं तरी, पंधरा जून ते दहा जुलै या पेरणीच्या दिवसांत शंभर मिलिमीटर पाऊस झालेला हवा. पंधरा वर्षं जमलं तर गाव योजनेत, नाहीतर बाहेर. धोंडीरामच्या वह्यांवरून त्यानं एकेक वर्ष बेरजेला घेतलं. ऐंशी ते अठ्ठ्याण्णव या एकोणीस वर्षांत चौदा वर्षं पास. राहिलं चालू साल. बाळासोनं बेरीज तीनदा केली. त्र्याण्णव पॉइंट सहा.

सहा पॉइंट चार मिलिमीटर कमी. आणि सात जुलैच्या रकान्यात आडवी रेघ.

बारा घरांचा कापूस बाळासोनं चिंचेच्या बुंध्यावर पिचकारला होता. त्या दिवशी नेम लागल्याचा आनंद झाला होता, तो आठवून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. मग त्यानं डोकं चालवलं. बाटलीवर लिंबाचं चित्र होतं, निम्मं पुसलेलं. बाटली उचलली तेव्हा पाणी बरोबर लिंबाच्या बुडाला टेकलं होतं. त्याला स्वच्छ आठवत होतं. तशीच बाटली त्यानं महाद्वार रोडवरच्या एका सरबतवाल्याकडून मिळवली, लिंबाच्या बुडापर्यंत पाणी भरलं, कचेरीतल्या मापात ओतलं. अकरा! शेजारच्या गावच्या वहीत त्या दिवशी बारा होता. म्हणजे पाऊस पडला होता, पुरेसा पडला होता, फक्त त्यानं तोंडात घेतला होता. यात खोटं काय? हे तर उलट सत्याला हात देणं.

बाटली पिशवीत घालून बाळासो तडक चिंचमाळला गेला. चावडीच्या पायरीवर गणपतराव बसले होते. प्रसेनजीतलाही निरोप गेला होता, तो रजा टाकून आलेला. बाळासोनं जादूगाराच्या ऐटीत बाटली काढली, पाणी भरलं, मापात ओतलं, रेघ दाखवली.

"अकरा! मामा, रेघेच्या जागी अकरा लिहा, खाली सही करा, बदलाचं कारण मी लिहून देतो. पंधरा वर्षं पुरी. माळ योजनेत!"

"लिव की धोंडीराम," गणपतराव म्हणाले. "आभाळातनं पडलेलंच हाय त्ये. सायबानं पिलं म्हणून काय पडलं न्हाय व्हय?"

"पिलं नाही, चूळ भरली," बाळासो म्हणाला.

"तेच की वो!"

प्रसेनजीत हसला. बऱ्याच दिवसांनी बापासमोर हसला असावा, कारण धोंडीरामनं त्याच्याकडं मान वळवून पाहिलं.

"आबा, तुमी सोताच नळकांड्यातनं काढली हुती न्हवं बाटली? पाणी लिंबाला टेकलंतं का न्हाय?"

"टेकलंतं," धोंडीराम म्हणाला.

"मग?"

"बघितलं हुतं. मोजलं नव्हतं."

"आयला ह्या मोजण्याच्या!" गणपतरावांनी पटका काढून मांडीवर आपटला.

धोंडीराम उठला. चावडीतल्या कपाटातून त्यानं एक जुनी वही काढली, पान न शोधता नेमकं उघडलं आणि बाळासोपुढं धरलं. अठ्ठावीस जून त्र्याऐंशी. बावीस पॉइंट शून्य. "ह्ये बघा."

बाळासोनं पाहिलं. "हे साल पास आहे मामा. एकशे चार."

"त्या सकाळी मी हितं नव्हतो," धोंडीराम म्हणाला. बोलताना तो तिघांपैकी कुणाकडंच बघत नव्हता. "बिद्रीला भणीकडं गेलतो. यष्टी चुकली. अकराला आलो तर कुणाच्या वासरानं नळकांडं आडवं केल्यालं, बाटली रिकामी. गाव म्हणालं, काल धो धो झाला. डबकी दिसली. नवी नोकरी, रकाना रिकामा ठेवायचं भ्या. लिवलं बावीस. आणि कोतवाल म्हणून गावात सांगत गेलो, बावीस झाला, पेरा."

गणपतरावांनी आपटलेला पटका परत डोक्यावर चढवला. त्यांनाही ते साल आठवलं असावं.

"सोनीनं त्याच दिशी सगळी सरकी टोकली. नुसती चार तास न्हवं, सगळं रान. माझ्या आकड्यावर. कुरुंदवाडच्या वहीत चार हुता त्या दिशी. मला मागनं कळलं. वरची दोन बोटं वली, खाली कोरडं. उगवलं, आठ दिसांत करपलं. परत टोकायला सरकी न्हवती." त्यानं वही मिटली. "ती भांडली न्हाय. बांधावर बसून येवढंच इचारलं, 'मोजलावता न्हवं?' मी म्हटलं, व्हय."

खालून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"दुसऱ्या दिसापास्नं ती रोज भांडं घिऊन माझ्या आधी हितं यायची. अकरा वर्सं. का येतीस म्हणून मी इचारलं न्हाय आणि तिनं सांगितलं न्हाय." मग तो पहिल्यांदाच मुलाकडं वळला. "ती गेली त्या दिशी भांडं आणाय ती नव्हती. म्हणून मी गेलतो, बाळ."

प्रसेनजीत उठला. "जातो आबा," एवढं म्हणून तो यष्टीच्या रस्त्याला लागला. दहा पावलांवर थांबला, परत आला, बापाच्या पाया पडला आणि मग गेला.

पुढचं इथंच सांगून टाकलेलं बरं. योजना पलीकडच्या गावाला गेली. तिथं दोन वर्षं कापूस बरा आला, दोन हजार तीनच्या दुष्काळात गेला. चिंचमाळच्या तीन फूट काळ्या मातीनं तो दुष्काळ सोसला असता की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कारण दोन हजार एकच्या उन्हाळ्यात धोंडीरामनं मुलाच्या कागदावर सही केली आणि वीटभट्टीवाल्यानं त्याचं रान मुरमापर्यंत खरवडून नेलं. बाळासोच्या तक्त्यात ते अजून 'उत्तम, पंच्याण्णव सेंटिमीटर' असंच आहे. प्रसेनजीत भिवंडीला गेला. साक्षीचं पत्र यायचं, त्यात शेवटी 'आज किती पडला?' असायचं. धोंडीराम दोन हजार दोनला निवृत्त झाला. आठव्या अर्जाला उत्तर म्हणून नवी सरकारी बाटली दोन हजार तीनमध्ये आली, त्या साली तिच्यात पडायला पाऊसच नव्हता. तो नाही हे पाहायला धोंडीराम रोज साडेआठला कुंपणापाशी जाऊन उभा राहायचा. दोन हजार पाचला खालच्या शिवारात पूर घुसला, माणसं माळावर राहायला आली, आणि त्या पावसात एका सकाळी तो चावडीच्या पायरीवर बसल्या जागी गेला. नवा कोतवाल केरबा सांगतो की त्या दिवशीचा आकडा त्यानं दोनदा मोजून लिहिला.

पण हे सगळं नंतरचं. त्या ऑगस्टच्या दुपारी प्रसेनजीत वळणाआड दिसेनासा झाला होता, गणपतराव निघून गेले होते, आणि पायरीवर दोघंच होते. बाळासोच्या मांडीवर छापील तक्ता, हातात पेन्सिल. शेजारी सरबताची बाटली, मापातलं पाणी परत ओतून लिंबापर्यंत भरलेली.

"मामा, ऐका," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "अकराचं जाऊ दे, रेघ राहू दे. पण त्र्याऐंशी सालाचं काढू नका. वहीत बावीस आहे, वर सही आहे, सोळा वर्षांत कुणी विचारलेलं नाही. चौदा राहिले तर एका वर्षानं अडलंय म्हणून मी साहेबांचे पाय धरीन, सवलत मागीन. कधीकधी देतात. तेरा झाले की कागद तिथल्या तिथं फाडतात. पोरगा अजून स्टँडवर असेल, मी गाडीवरून जाऊन त्याला थांबवतो. सांगा, काय लिहू?"

धोंडीरामनं बाटली उचलली, पाणी चिंचेच्या मुळाशी ओतलं, ती पुसली आणि फडक्यात गुंडाळली.

"तेरा लिवा."